‘दिसला’ खोलीचा राखणदार

जयाबाई कुठलीही गोष्ट घाईने करत नसत. दुधाची किटली पुढे आली तरी आधी हात पदराला पुसायचे, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघायचं आणि मगच किटली काट्यावर घ्यायची, ही त्यांची रीत. रांगेत मागे उभे असलेले काकासाहेब हटकून म्हणायचे, "वहिनी, तुमच्या हाताखालनं निघेपर्यंत दुधाचं दही व्हायचं." त्यावर त्याही शांतपणे म्हणायच्या, "होऊ द्या. दह्याचा भाव लावीन."

राहुरीच्या पुढे, मुळेच्या कालव्याला लागून चिंचमळा नावाचं गाव आहे. तिथल्या दूध संकलन केंद्रावर त्या लग्नानंतर लवकरच लागल्या. आता कानाजवळचे केस पांढरे झाले होते. नवरा उसाच्या हंगामात कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असायचा, मुलगी नगरला नर्सिंग शिकत होती. घरी दोन गाई आणि सोबतीला फोन.

हा फोन त्यांच्या मागे लागला तो बिबट्यामुळे. एका हिवाळ्यात वरच्या वस्तीवर बिबट्याने कालवड ओढून नेली. तोच बिबट्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या मळ्यातल्या माणसाने बांधावर बसलेला पाहिला होता, पण त्याने ते कुणाला सांगितलंच नव्हतं. जयाबाईंना ही गोष्ट फार लागली. त्यांनी दूध घालणाऱ्यांचा एक ग्रुप केला. बघता बघता कालव्याच्या दोन्ही काठांची गावं त्यात आली. हजाराच्या वर माणसं झाली, तेव्हा गावातल्या सुश्रुतने तो सगळा कारभार एका दुसऱ्या ॲपवर नेला. सुश्रुत पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचा. त्याने ग्रुपमध्ये तीन खोल्या पाडल्या. जनावर मेलं, पंचनामा करायचा, त्याची विचारपूस ‘मदत’मध्ये. बाकीचं सगळं ‘गप्पा’मध्ये. आणि बिबट्या कुणी पाहिला, तर तेवढंच ‘दिसला’मध्ये.

‘दिसला’ची खोली जयाबाई स्वतः सांभाळायच्या. तिथे कुणी काही टाकलं की त्या आधी तो मेसेज काढून घ्यायच्या. मग टाकणाऱ्याला फोन. कुठे पाहिलास, स्वतः पाहिलास का, त्याचं तोंड कुठल्या अंगाला होतं, जवळ लेकरंबाळं कोण आहेत. खात्री पटली की त्या स्वतःच्या आवाजात, नाव-गाव घेऊन, ती बातमी पुन्हा टाकायच्या. लोकांना याची सवय झाली होती. आपला मेसेज नाहीसा झाला म्हणजे जयाबाईंनी तो हातात घेतला, आता फोन येईल किंवा माणसं तरी येतील, असं सगळे धरून चालायचे.

दिवाळीनंतर एकदा त्या राहुरीला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या. फोन पिशवीत, पिशवी कपाटात. तेवढ्यात कुणीतरी ‘दिसला’मध्ये एक व्हिडिओ ढकलला. शाळेच्या व्हरांड्यात बिबट्या फिरतोय. शाळा कुठली, गाव कुठलं, काही पत्ता नाही. पण चिंचमळ्यातली सगळी आईबापं शाळेकडे धावली. फाटकाशी चेंगराचेंगरी झाली आणि केंद्रावर रोज दूध घालणारा रंगनाथ मोटारसायकलवरून पडला. उजवा हात मोडला. काही पोरं काठ्या घेऊन एका उसात शिरली, ती वेगळीच. व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला, जुना निघाला.

त्यानंतर केंद्रावर बैठक बसली. रंगनाथ गळ्यात हात अडकवून पुढेच बसला होता, त्यामुळे कुणाला फार बोलावं लागलं नाही.

"काकू, एकट्या माणसाचं हे काम नाही," सुश्रुत म्हणाला. "मी एक बॉट लावतो. यंत्रच ते. शिव्या, जाहिराती, जुने व्हिडिओ, आणि इकडून तिकडे ढकललेलं जे जे येतं, ते आल्या आल्या काढून टाकेल. ते जेवायला उठत नाही, साखरपुड्याला जात नाही."

सगळे हसले. जयाबाईही हसल्या, पण कसनुशा.

"गप्पांना लाव," त्या म्हणाल्या. "‘दिसला’ला नको वाटतं मला."

"का?"

"तिथं माणसं घाबरलेली असतात रे. घाबरलेलं माणूस धड बोलत नाही."

"वहिनी, अहो आग तिथंच लागली ना? मग पाणी दुसरीकडं का मारायचं?" काकासाहेब म्हणाले. "रंगनाथला विचारा."

रंगनाथने हात जरासा वर उचलून दाखवला.

जयाबाईंनी मान डोलावली. यंत्राला ‘राखणदार’ असं नाव काकासाहेबांनीच दिलं.

राखणदार कामाचा निघाला, यात शंका नाही. गप्पांमधल्या शिव्या थांबल्या. काकासाहेबांची रोजची गुलाबाची फुलं आणि सुप्रभात बाराच्या भावात गेली, म्हणून ते दोन दिवस फुगून बसले. ‘दिसला’ची खोली तर देवळासारखी शांत झाली. जयाबाईंना कित्येक महिन्यांनी सलग झोप लागू लागली.

पुढे मात्र ती शांतताच त्यांना खुपू लागली. खालच्या अंगाला, कालव्याच्या पलीकडे ऊसतोड सुरू झाली होती. पाथर्डीकडची टोळी काकासाहेबांच्या फडात पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून उतरली होती. ऊस तुटायला लागला की त्यात राहणारं जनावर हलतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक. दर वर्षी या दिवसांत खालून ‘दिसला’मध्ये एकसारखे आवाजातले मेसेज यायचे. यंदा एकही नाही. "यंदा तिकडं नसंल," असं त्या स्वतःला समजावत होत्या.

त्या दिवशी संध्याकाळचं दूध सुरू होतं. सुरेखा किटली घेऊन आली. ती कालव्याच्या खालच्या वस्तीवर राहते. टोळीतल्या बायका तिच्या विहिरीवर पाण्याला येतात, म्हणून टोळीच्या छोट्या ग्रुपातही ती आहे. टोळीची माणसं दुसऱ्या तालुक्यातली, हंगामापुरती आलेली. मोठ्या ग्रुपात त्यांना कुणी घेतलेलं नव्हतं. त्यांच्याकडून काही कळलं की तो आवाज सुरेखाच ‘दिसला’मध्ये पुढे पाठवायची. दर वर्षी खालच्या बातम्या येत होत्या, त्या अशाच.

"ताई, पिंजरा कधी यायचाय?" सुरेखाने किटली ठेवत विचारलं.

"कसला पिंजरा?"

"म्हंजी? सकाळी टोळीतल्या लंकाबाईचा आवाज टाकला की मी. तुमी काढून घेतला."

जयाबाईंचा हात काट्यावर तसाच राहिला. "मी काहीच काढलं नाही, सुरेखा."

"असं कसं? टाकला न् लगीच गेला. थांबा, परत टाकते." सुरेखाने फोन काढला, बोट दाबलं. आवाजाची ती छोटी पट्टी ‘दिसला’मध्ये उमटली आणि पापणी लवायच्या आत नाहीशी झाली. "हे बघा. काढला की."

जयाबाईंचे दोन्ही हात दुधाने ओले होते. त्यांचा फोन चार हातांवर, खिडकीत होता.

"मी हात तरी लावला का?" त्या म्हणाल्या.

सुरेखाचा चेहरा उतरला. राखणदाराला ढकललेलं काहीही काढायला सांगितलं होतं, आणि खालच्या अंगाची प्रत्येक खरी बातमी ढकललेलीच असायची.

"ऐकव मला," जयाबाई म्हणाल्या.

सुरेखाने फोन त्यांच्या कानाशी धरला. म्हातारा, दबका आवाज होता. "सुरेखाबाय, लंकाबाई बोलतीया. कोप्यांच्या मागं वाघाचे माग हायेत. एक मोठा न् संगं बारकी बी. कुत्रं सकाळधरनं कोपीतनं भाईर येईना. फड तोडून तोडून मधी थोडकाच उरलाय, ती त्यातच बसली आसंल. मानसं तोडायला गेली. लेकरं समदी माझ्यापाशी हायेत. सडकंच्या शाळंत जाऊ का हितंच ऱ्हाऊ, कुनाला तरी इचारून सांग."

"मग तू काय सांगितलंस?"

सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हनलं, जयाताईनं घेतलंय. माणसं येतील. लेकरं घेऊन हितंच थांब, हलू नको."

बाहेर ऊन केंद्राच्या पायरीवरून उतरून रस्त्यापलीकडे गेलं होतं. जयाबाईंनी हात पुसले. त्या दिवशी मात्र पदराला नाही, साडीला जिथे लागतील तिथे. "रंगनाथ, काटा बघ," म्हणाल्या.

"एका हातानं?"

"जमंल तसं."

त्यांनी वनरक्षकाला फोन लावला. तो वांबोरीकडे होता, निघतो म्हणाला. मग सुश्रुतला. तो गाडी घेऊन आला तेव्हा त्याला सगळं कळलेलंच होतं.

"काकू, ‘दिसला’चा राखणदार बंद करतो. आवाज सगळ्यांना जाऊ दे, माणसं धावतील."

जयाबाई गाडीचं दार धरून क्षणभर उभ्या राहिल्या. तो म्हातारा आवाज आत्ता, दिवस मावळताना, हजार फोनांवर वाजला तर काय होईल ते त्यांना दिसत होतं. मोटारसायकली, काठ्या, फटाके. उसात पिल्लांची आई, आणि तिच्या नि गर्दीच्या मध्ये कोप्यांतली लेकरं.

"बंद करू नको," त्या म्हणाल्या. "मीच बोलते." आणि फोन तोंडाशी धरून, एकेक शब्द सुटा करत त्या बोलल्या, "जया बोलते. कालव्याखाली, काकासाहेबांच्या फडात बिबट्याची मादी आहे, पिल्लं आहेत. वनखात्याला सांगितलंय. तिकडं कुणीही यायचं नाही. खालच्या वस्तीवाल्यांनी जनावरं आत घ्या, दारं लावा. मी तिथं चालले. पुढचं मी सांगेन."

गाडीत सुरेखा मागे बसून पुन्हा पुन्हा लंकाबाईंना फोन लावत होती. रेंज नव्हती.

"मी ‘काढून टाक’ लावलं," सुश्रुत म्हणाला. "नुसतं ‘थांबवून ठेव’ पण लावता आलं असतं. आणि पाठवणाऱ्याला तसं कळवता आलं असतं. माझ्या डोक्यातच..."

"ते नंतर. पुढं पाण्याची चारी आहे, गाडी बघून घे."

तिघं फडावर पोचली तेव्हा उजेड धुरकट झाला होता. मधला ऊस तोडून तोडून शाळेच्या पटांगणाएवढा उरला होता. दोन बाजूंनी कोयते अजून चालत होते. तिसऱ्या बाजूला कालवा. चौथीला, वीस-पंचवीस पावलांवर, पाचटाच्या कोप्या. तोडणी पुढे सरकली तर मादीला दोनच वाटा होत्या, आणि कालव्याकडच्या वाटेवर ट्रॉली उभी होती.

काकासाहेब ट्रॉलीपाशीच होते. "वहिनी? अहो, अर्ध्या तासाचं काम राहिलंय. गाडी भरून जाऊ द्या, मग काय ते बोलू."

"मेसेज ऐकला नाही का?"

"फोन गाडीत हाय. कसला मेसेज?"

"काकासाहेब, कोप्यांकडं बघा. मग उसाकडं बघा. आत पिल्लांची आई आहे."

त्यांनी बघितलं. दोन्हींकडे बघून झाल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे त्यांना सांगावं लागलं नाही. वाकून, हळू आवाजात, तेच दोन्ही बाजूंच्या माणसांना मागे घेत गेले. ट्रॉली फार आवाज न करता कालव्याकडच्या वाटेवरून काढायला लावली. कोयत्यांचा आवाज थांबला आणि फडात एकदम इतकं शांत झालं, की उसाची पानं कुठल्या अंगाला घासतात ते ऐकू येऊ लागलं. वारा नव्हता. तरी मधेच एका जागी पानं हलली.

लंकाबाई कोपीच्या दारात आडव्या बसल्या होत्या. मांडीवर कोयता, मागे अंधारात लेकरं. कुत्रं त्यांच्या पायाशी पोट जमिनीला लावून पडलं होतं.

"आलाव का," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडी कोप्यांपर्यंत येत नव्हती. मध्ये पाचट आणि उसाच्या शेंड्यांचे, वाढ्यांचे भारे होते. लेकरांना चालवतच न्यायचं होतं, उभ्या उसाच्या कडेकडेने.

"पळायचं नाही," जयाबाई लेकरांपाशी बसून म्हणाल्या. "मी जशी चालते तसं चालायचं. मी फार हळू चालते. पुढं कुणी गेलं तर तो हरला."

त्यांनी धाकट्या पोरीला कडेवर घेतलं. लेकरांनी एकमेकांचे सदरे धरले. मागे सुरेखा, सगळ्यात शेवटी लंकाबाई, उसाकडे तोंड करून उलट्या पावलांनी. सुश्रुतने गाडीचे दिवे लावले नव्हते, दारं उघडून ठेवली होती. निम्म्या वाटेवर उसातून एक खालच्या पट्टीतला, घशातल्या घशात घासल्यासारखा आवाज आला. जयाबाईंच्या कडेवरच्या पोरीने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. त्यांचे पाय पळायला निघाले होते. त्यांनी ते पळू दिले नाहीत. एक पाऊल, मग दुसरं.

शेवटचं लेकरू आत बसलं आणि दार लागलं, तेव्हा सुश्रुतने किल्ली फिरवली.

वनरक्षक आला. त्याने माणसांना कालव्याच्या अलीकडे ठेवलं आणि कालव्याची वाट मोकळी सोडली. अंधार पडल्यावर मादी आपल्या पायांनी त्या वाटेने गेली. मागे दोन पिल्लं होती. त्याने ती बॅटरीच्या उजेडात पाहिली, म्हणाला. बाकी कुणी पाहिली नाहीत आणि कुणाला पाहायचीही नव्हती.

शाळेच्या व्हरांड्यात टोळीच्या बायका आपापली लेकरं चाचपून बघत होत्या. जयाबाई लंकाबाईंपाशी गेल्या.

"दुपारलाच सडकंला येनार हुतो आमी," लंकाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुमच्या भरवशावर बसलो, बाय. तुमी ऐकलंय म्हनले."

जयाबाईंनी मान खाली घातली. ऐकलं नव्हतं, हे सांगून काही उपयोग नव्हता. ऐकलं नव्हतं हेच तर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध आटोपल्यावर केंद्रावर पुन्हा बैठक बसली. या वेळी जयाबाई आधी बोलल्या.

"‘गप्पा’ राखणदाराला देऊन टाका. तिथं चुकून काढलं तर एखादं फूल जाईल. ‘मदत’मध्ये त्यानं फक्त जाहिराती बघाव्यात. ‘दिसला’मध्ये मात्र त्यानं काही काढायचं नाही."

"म्हणजे पुन्हा तो व्हिडिओ, पुन्हा फाटक, पुन्हा रंगनाथचा हात?" काकासाहेब म्हणाले. पण कालच्यानंतर त्यांच्या बोलण्यातली धार गेली होती.

"दुसरा हाय अजून," रंगनाथ म्हणाला.

"तेही बरोबर आहे त्यांचं," जयाबाई म्हणाल्या. "काल तो आवाज मोकळा सुटला असता तर तुम्ही सगळे तिथं आला असता. यंत्रानं थांबवलं ते चुकलं नाही. गुपचूप नाहीसं केलं, ते चुकलं. सुश्रुत, थांबवून ठेवता येतं म्हणालास ना?"

"येतं. आलेलं सगळं अडवून ठेवेल, इतरांना दिसणार नाही. पण पाठवणाऱ्याला दिसत राहील आणि खाली लिहून येईल, ‘अजून कुणी ऐकलेलं नाही’. आणि तुमचा फोन वाजेल."

"माझा एकटीचा नको. मी साखरपुड्याला जाणारी बाई आहे."

त्यावर सुरेखा म्हणाली, "माझा लावा," आणि पाठोपाठ रंगनाथ म्हणाला, "माझा बी. मला सध्या दुसरं काम काय हाय?" तिघांनी वेळा वाटून घेतल्या. कुणीही ऐकलं, तरी फोन करून खात्री केल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. व्हिडिओ मात्र राखणदाराने सरळ काढावा, यावर सुश्रुत अडून बसला. बराच वेळ वाद झाला. शेवटी जयाबाईंनी व्हिडिओ त्याला सोडले, आवाज सोडले नाहीत. "घाबरलेलं माणूस व्हिडिओ काढत बसत नाही," त्या म्हणाल्या. हे पुरतं खरं आहे की नाही याची त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती, पण कुठेतरी रेघ मारायला हवीच होती.

आणि टोळीचे फोन मोठ्या ग्रुपात घ्यायचे, हे कुणी सुचवलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. विरोधही कुणी केला नाही.

टोळीने आता शाळेजवळच्या पडीक रानात कोप्या हलवल्या होत्या. दुपारी जयाबाई तिकडे गेल्या. लंकाबाई भाकरी थापत होत्या. फोनमध्ये काय केलंय, कुठे बोट लावायचं, जयाबाईंनी सगळं दाखवलं. लंकाबाई ऐकत होत्या, पण हात पिठातून काढत नव्हत्या.

"आन् त्यानं परत गिळलं तर?"

"गिळणार नाही."

"तुमी म्हनताव."

जयाबाईंना राग आला नाही. पटलंच त्यांना. काल त्यांच्या नावावर कुणीतरी असंच म्हटलं होतं.

लंकाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि फोन घेतला. पाठ फिरवून त्यात काहीतरी पुटपुटल्या. मग दोघी वाकून त्या काचेकडे बघत राहिल्या. आवाजाची पट्टी आली. गेली नाही. खाली ओळ उमटली, ‘अजून कुणी ऐकलेलं नाही’. त्याच वेळी जयाबाईंच्या हातातला फोन वाजला.

त्यांनी तो कानाला लावून आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग ठरलं होतं तसं लंकाबाईंचा नंबर लावला. हातभर अंतरावर असलेल्या लंकाबाईंनी तो उचलला.

"जया बोलते. कुठून बोलताय?"

"तुमच्या म्होरंच हाय."

"काय दिसलं?"

"काय बी न्हाई दिसलं आज," लंकाबाई म्हणाल्या. त्या अजून हसल्या नव्हत्या. "पर तुमी फोन लावताव का, ते बघितलं." आणि वाकून त्यांनी भाकरी उलटली.